तनाका गेले, थैली राहिली

भ्रष्टाचाराचे एखादे मोठे प्रकरण उजेडात आले की आपल्या कार्यकर्त्यांत एक प्रकारचा उत्साह संचारतो. तो स्वाभाविकच आहे. वर्षानुवर्षे सभा घ्याव्यात, मोर्चे काढावेत, पत्रके वाटावीत आणि सत्ताधाऱ्यांच्या केसालाही धक्का लागू नये. मग एके दिवशी कोणा वार्ताहराच्या हाती चार कागद लागावेत आणि सिंहासन डळमळू लागावे, हे दृश्य कोणालाही सुखावणारेच. त्यातून हळूहळू असा समज बळावतो की जे काम संघटनेच्या हातून झाले नाही, ते प्रकरणच परस्पर उरकून टाकील. हा समज तपासून पाहायचा असेल तर जपानचे माजी पंतप्रधान काकुएइ तनाका यांच्या पतनाची हकिगत मुळातून समजून घेतली पाहिजे.

१९७४ या एकाच वर्षी जगातील दोन बलाढ्य भांडवलशाही राष्ट्रांचे प्रमुख पायउतार झाले. ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन गेले, नोव्हेंबरमध्ये तनाका. वॉटरगेटवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले; तनाका मात्र परदेशच्या बातम्यांच्या रकान्यातच राहिले. वास्तविक आपल्या दृष्टीने दुसरे प्रकरण अधिक उद्बोधक आहे. निक्सन यांनी पद सोडले तेव्हा त्यांचे राजकारणही संपले. तनाका यांनी पद सोडले आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षे, आधी आरोपी व नंतर दोषी ठरलेला गुन्हेगार म्हणून, त्यांनी जपानचे पंतप्रधान नेमले व घालवले.

तनाका यांचा जन्म १९१८ सालचा. पश्चिम किनाऱ्यावरील निइगाता प्रांतातल्या एका खेड्यात, गुराघोड्यांचा व्यापार करून कर्जबाजारी झालेल्या बापाच्या पोटी ते जन्मले. शाळा लवकर सुटली. तोक्योत येऊन पडेल ते काम करीत ते बांधकामाच्या ठेकेदारीत शिरले आणि युद्धकाळात त्यांनी पैसा केला. १९४७ साली ते संसदेत निवडून आले. जपानचे राजकारण तेव्हा तोक्यो विद्यापीठाचे पदवीधर आणि बड्या घराण्यांतील मंडळी चालवीत असत. त्यांच्यात हा घोगऱ्या आवाजाचा, गावंढळ बोलीचा, आकडे तोंडपाठ असलेला माणूस उठून दिसे. त्याच वर्षी समाजवादी पक्षाच्या कातायामा यांच्या मंत्रिमंडळाने कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणाचे विधेयक आणले होते. ते हाणून पाडण्यासाठी खाणमालकांनी वाटलेल्या पैशात आपलाही वाटा घेतल्याच्या आरोपावरून तनाका यांना १९४८ साली अटक झाली. पुढची निवडणूक त्यांनी कोठडीतून लढविली आणि जिंकली. वरच्या न्यायालयात ते निर्दोष सुटले, हेही नमूद केले पाहिजे. पण मतदाराच्या आणि न्यायालयाच्या निकालात केवढे अंतर असू शकते, याचा पहिला धडा त्यांना वयाच्या तिशीतच मिळाला होता.

जुलै १९७२ मध्ये ते पंतप्रधान झाले. सप्टेंबरमध्ये त्यांनी पेकिंगला जाऊन चीनशी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. हे त्यांचे कार्य लहान नव्हे. तथापि त्यांचे खरे स्वप्न वेगळे होते. पंतप्रधान होण्याच्या तोंडावर त्यांनी जपानी द्वीपसमूहाच्या पुनर्रचनेची योजना पुस्तकरूपाने मांडली होती. अतिवेगवान रेल्वे, महामार्ग आणि नवी औद्योगिक शहरे यांच्या साह्याने तोक्यो व ओसाका यांकडे तुंबलेली संपत्ती मागास प्रांतांकडे वळवावी, असा तिचा आशय. कल्पना म्हणून तीत वावगे काही नाही; प्रादेशिक असमतोलाविषयी आपणही हेच बोलत आलो आहोत. परंतु जमिनीच्या बाजारावर कसलेही नियंत्रण न ठेवता कोणत्या गावाजवळून रस्ता जाणार हे जाहीर केले म्हणजे काय होते, ते जपानने पाहिले. कंपन्यांनी आणि दलालांनी जमिनी उचलल्या आणि भाव आकाशाला भिडले. त्यातच १९७३ च्या अखेरीस तेलाचे संकट कोसळले आणि १९७४ मध्ये ग्राहक किमतींचा निर्देशांक वीस टक्क्यांहून अधिक वाढला. त्या जुलैच्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने इतका उघडउघड पैसा ओतला की ताकेओ मिकी आणि फुकुदा हे दोन ज्येष्ठ नेते मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

अशा वातावरणात त्या ऑक्टोबरमध्ये ‘बुंगेइ शुंजू’ या मासिकात ताकाशी ताचिबाना या तरुण पत्रकाराचा, तनाका यांच्या पैशाचे व माणसांचे जाळे उलगडून दाखविणारा लेख प्रसिद्ध झाला. या लेखाची पद्धत प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासण्याजोगी आहे. त्यात कोणा गुप्त खबऱ्याची कुजबुज नव्हती. ताचिबाना आणि त्यांच्या साहाय्यकांनी जमिनींच्या नोंदी आणि कंपन्यांची नोंदणीपत्रे चाळली. म्हणजे कोणाही नागरिकाला पाहता येतील असे कागद. त्यांतून असे दिसले की ज्यांचे ना कार्यालय धड ना व्यवसाय धड, अशा कागदी कंपन्या तनाका यांच्या निकटवर्तीयांच्या नावे उभ्या होत्या आणि त्या नेमक्या जागी जमिनी घेत होत्या. शिनानो नदीच्या पात्रातील पूररेषेतली जमीन शेतकऱ्यांकडून मातीमोल भावाने घेण्यात आली. पुढे सरकारी खर्चाने तेथे बांध झाला आणि त्या जमिनीला सोन्याचा भाव आला.

जपानच्या मोठ्या दैनिकांचे प्रतिनिधी पंतप्रधानांच्या कार्यालयात दिवसरात्र ठाण मांडून असत. यातले बरेचसे त्यांच्या कानांवर होते, पण त्यांनी लिहिले नव्हते. लेख आल्यावरही दैनिके गप्पच राहिली. २२ ऑक्टोबरला परदेशी वार्ताहरांच्या मंडळाने तनाका यांना भोजनाला बोलावले आणि तेथे त्यांच्यावर प्रश्नांची सरबत्ती झाली, तेव्हा कुठे जपानी वृत्तपत्रांना कंठ फुटला. २६ नोव्हेंबरला तनाका यांनी राजीनामा जाहीर केला. स्वच्छ प्रतिमेचे मिकी पंतप्रधान झाले.

येथवर प्रकरण जमिनीचे होते. लॉकहीडचे प्रकरण त्यानंतरचे, आणि ते उघड झाले जपानमध्ये नव्हे, वॉशिंग्टनमध्ये. वॉटरगेटच्या चौकशीत अमेरिकन कंपन्यांचे गुप्त निधी बाहेर आले होते. तो धागा पकडून सिनेटर चर्च यांच्या उपसमितीने बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या परदेशांतील व्यवहारांची तपासणी चालविली. फेब्रुवारी १९७६ मध्ये लॉकहीड या विमान कंपनीच्या उपाध्यक्षांनी त्या समितीपुढे कबुली दिली की आपली प्रवासी विमाने जपानमध्ये खपविण्यासाठी कंपनीने सव्वा कोटी डॉलरच्या आसपास रक्कम वाटली. त्यांपैकी ५० कोटी येन मारुबेनी या व्यापारी कंपनीमार्फत तनाका यांच्याकडे गेले, असे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. ऑगस्ट १९७३ ते मार्च १९७४ या काळात, म्हणजे ते पंतप्रधान असताना, चार हप्त्यांत ही रक्कम पुठ्ठ्याच्या खोक्यांतून पोचती झाली. पावत्यांवर येन असे न लिहिता सांकेतिक शब्द वापरले होते. ‘शंभर शेंगदाणे मिळाले’ अशी पावती असेल तर तिचा अर्थ दहा कोटी येन असा समजायचा.

शेंगदाण्यांची ही पावती जगभर हसण्यावारी गेली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र या व्यवहाराचा ताळेबंद अधिक महत्त्वाचा वाटतो. लॉकहीड कंपनी बुडण्याच्या बेतात असताना १९७१ साली अमेरिकन सरकारने तिच्या २५ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली होती. जपानचा अमेरिकेशी असलेला व्यापार एकतर्फी झाला होता आणि ती तूट कमी करण्यासाठी जपानने विमाने विकत घ्यावीत, असा अमेरिकेचा आग्रह होता. १९७२ च्या उन्हाळ्याअखेर हवाई बेटांवर निक्सन आणि तनाका यांची भेट झाली तेव्हा हा विषय निघालाच. ऑक्टोबर अखेर ऑल निप्पॉन एअरवेजने लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानांची निवड केली. लाचेची रक्कम लॉकहीडच्या भागधारकांनी पदरची दिली, असे समजण्याचे कारण नाही. ती विमानाच्या किमतीत आणि तेथून तिकिटाच्या दरात मिसळून जाते, आणि कंपनी बुडालीच असती तर हमीचा भार अमेरिकन करदात्यावर पडला असता. खुल्या स्पर्धेची थोरवी गाणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी या उदाहरणाचा विचार फारसा केलेला नाही. परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणे हा गुन्हा ठरविणारा कायदा अमेरिकेने १९७७ साली केला, हे या प्रकरणाचे एक टिकाऊ फळ म्हणता येईल.

२७ जुलै १९७६ रोजी तनाका यांना अटक झाली. ते पक्षाबाहेर पडले. पण खटल्याचा पाठपुरावा करणाऱ्या मिकी यांच्यावरच पक्षातील बहुसंख्य नेते उलटले. डिसेंबरच्या निवडणुकीत पक्षाने ५११ पैकी २४९ जागा मिळवून बहुमत गमावले आणि राजीनामा द्यावा लागला तो मिकी यांना. तनाका अपक्ष म्हणून आपल्या मतदारसंघात पहिल्या क्रमांकाने निवडून आले होते. पक्षाचे सभासद नसलेल्या या गृहस्थांचा पक्षांतर्गत गट मात्र फुगत जाऊन शंभराहून अधिक खासदारांचा झाला. १९७८ साली ओहिरा, १९८० साली सुझुकी आणि १९८२ साली नाकासोने हे पंतप्रधान झाले ते तनाका यांच्या गटाच्या बळावर. नाकासोने यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात तनाका गटाचा भरणा इतका होता की लोक त्याला ‘तनाकासोने’ मंत्रिमंडळ म्हणत.

१२ ऑक्टोबर १९८३ रोजी तोक्योच्या न्यायालयाने तनाका यांना चार वर्षांची सजा आणि ५० कोटी येन दंड ठोठावला. त्यांनी अपील केले आणि खासदारकी सोडण्यास नकार दिला. डिसेंबरमध्ये निवडणूक झाली. नामवंत लेखक आकियुकी नोसाका त्यांच्याविरुद्ध नीतीचा झेंडा घेऊन उभे राहिले होते. दोषी ठरलेल्या तनाका यांना दोन लाख वीस हजारांहून अधिक मते मिळाली. नोसाका कुठल्या कुठे मागे पडले.

ही मते विकत घेतलेली होती, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. तोक्योच्या वृत्तपत्रांनी तेच केले आणि निइगाताच्या शेतकऱ्यांना अडाणी ठरविले. आम्हाला ते मान्य नाही. समुद्रावरून येणारे वारे जपानच्या मध्यवर्ती डोंगररांगांना अडून निइगातात हिवाळाभर बर्फ ओततात. गावांचा संपर्क महिनोन् महिने तुटे, आजारी माणूस दवाखान्यापर्यंत पोचत नसे. घरातील कर्ता पुरुष हिवाळा लागला की तोक्योच्या बांधकामांवर मजुरीला जाई आणि वसंतात परते. मुंबईच्या चाकरमान्याच्या पैशावर कोकणातील घरे कशी चालली, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या जीवनाची कल्पना सहज येईल. दुष्काळ किंवा पूर यांसारखी बर्फ हीही आपत्ती आहे, हे मान्य करून १९६३ साली निइगाताला आपत्ती निवारणाची मदत मिळवून दिली ती अर्थमंत्री तनाका यांनी. डोंगरातील मूठभर घरांच्या वस्तीसाठी त्यांनी बोगदा खणविला. नोव्हेंबर १९८२ मध्ये निइगाताला जाणारी अतिवेगवान रेल्वे सुरू झाली. तिच्यासाठी डोंगराखालून २२ किलोमीटरचा बोगदा काढलेला आहे. बर्फात ज्यांची आई दगावली त्यांना विमान कंपनीच्या ५० कोटी येनचे काय वाटणार?

याहून एक गोष्ट आपल्याला अधिक बोचली पाहिजे. निइगाता ही काही प्रतिगामी भूमी नव्हती. १९२० च्या दशकात किझाकी गावच्या कुळांनी जमीनदारांविरुद्ध दिलेला लढा जपानच्या शेतकरी चळवळीत प्रसिद्ध आहे. युद्धानंतरच्या जमीन सुधारणेने कुळे मालक झाली आणि किसान संघटनेपुढे प्रश्न उभा राहिला की आता मागायचे काय? शेतकऱ्याजवळ उत्तर होते: रस्ता, पूल, बोगदा, हिवाळ्यात काम. समाजवादी पक्षाचे लक्ष सोह्यो महासंघातील कामगारांकडे आणि संविधान व शांतता या मोठ्या प्रश्नांकडे होते. त्या रिकाम्या जागेत तनाका यांची ‘एत्सुझानकाई’ ही संघटना शिरली. किसान संघटनेतले अनेक जुने कार्यकर्तेच तिचे गावोगावचे प्रमुख झाले. ऐन भरात तिचे सभासद लाखाच्या घरात होते. ती मागण्या नोंदवी, त्यांची क्रमवारी लावी, तोक्योतून निधी आणी आणि ठेकेदार नेमी. ठेकेदार मग देणगी देई आणि निवडणुकीत माणसे देई. निविदा कोणी भरायच्या हे आधीच ठरलेले असल्यामुळे काम महाग पडे, आणि ती महागाई संपूर्ण जपानचा करदाता सोसे.

रेल्वे मागणे हे पाप नव्हे, ती मिळवून देणे तर नव्हेच. आपल्याकडेही कोकणच्या उपेक्षित पट्टीत रेल्वे नेण्याचे काम मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी जीव ओतून केले. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि त्याने भांडवलाचा मोठा भाग खुल्या बाजारात रोखे विकून उभारला. त्या रुळांवरून दंडवते यांच्या पदरात ठेकेदाराची थैली आली नाही. मतांच्या दृष्टीनेही त्यांना फार काही लाभले, असे म्हणता येणार नाही. निइगाताच्या खेडुताला जे हक्क म्हणून मिळायला हवे होते ते तनाका यांनी कृपा म्हणून दिले, आणि त्या कृपेची किंमत मतपेटीत वसूल केली.

आता थैलीकडे वळू. त्या काळी जपानमध्ये एका मतदारसंघातून तीन ते पाच खासदार निवडले जात आणि मतदाराला एकच मत असे. तनाका यांचा मतदारसंघ पाच जागांचा होता. एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार परस्परांविरुद्ध उभे राहत. त्यांच्या धोरणात फरक नसल्यामुळे स्पर्धा चाले ती लग्नाच्या आहेरांची, मर्तिकाच्या पाकिटांची आणि रस्त्यांची. प्रत्येकाला स्वतःची संघटना पोसावी लागे आणि त्यासाठीचा पैसा गटाचा नेता पुरवी. तनाका यांचे सामर्थ्य यातच होते. हा पैसा मुळात येई कंपन्यांकडून. यावाता पोलाद कंपनीच्या एका भागधारकाने पक्षनिधीला देणगी देण्याच्या कंपनीच्या अधिकारालाच आव्हान दिले होते. १९७० साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. मिकी यांनी १९७५ साली देणग्यांवर मर्यादा घातली, पण मूळ झऱ्याला हात लागला नाही.

त्याचे परिणाम ठरावीक अंतराने दिसत राहिले. तनाका १९८५ च्या फेब्रुवारीत पक्षाघाताने अंथरुणाला खिळले. पण त्याच्या थोडेसेच आधी त्यांच्याच गटातील ताकेशिता यांनी गटाचा मोठा भाग फोडला होता. ताकेशिता पंतप्रधान झाले आणि रिक्रूट कंपनीच्या शेअर प्रकरणात १९८९ साली गेले. त्या जुलैत समाजवादी पक्षाने ताकाको दोई यांच्या नेतृत्वाखाली वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत ४६ जागा जिंकल्या आणि सत्ताधारी ३६ वर थांबले. जगभरच्या समाजवाद्यांनी टाळ्या वाजविल्या. सात महिन्यांनी कनिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली. सत्ताधाऱ्यांना २७५ आणि समाजवाद्यांना १३६ जागा. रागाच्या मतावर आलेला विजय संघटनेअभावी ओसरला. १९९३ मध्ये तनाका यांचे आणखी एक शिष्य कानेमारू यांच्याकडे सोन्याच्या विटा सापडल्या आणि पक्षाची सत्ता गेली. त्याच वर्षी तनाका यांच्या कन्या जुन्या मतदारसंघातून निवडून आल्या आणि डिसेंबरात तनाका यांचे निधन झाले. १९९४ साली मतदारसंघ एकसदस्यीय झाले आणि पक्षांना सरकारी अनुदान सुरू झाले. समाजवादी पक्ष मात्र त्याच वर्षी पंतप्रधानपदासाठी सत्ताधाऱ्यांशी सोयरीक करून बसला आणि १९९६ च्या निवडणुकीत अवघ्या १५ जागांवर आला. अनुदानाने थैली बंद झाली का? २०२३ साली सत्ताधारी गटांनी निधी-भोजनांच्या तिकिटांतून जमविलेला पैसा हिशेबाबाहेर वाटल्याचे उघड झाले. पंतप्रधान किशिदा यांना पक्षनेतेपदाच्या निवडणुकीतून माघार घ्यावी लागली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तारूढ आघाडीने बहुमत गमावले.

आपल्याकडचा हिशेब याच काळाशी ताडून पाहावा. ज्या ऑक्टोबर १९७४ मध्ये ताचिबाना यांचा लेख आला, त्याच महिन्याच्या आरंभी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्या खर्चात धरावा, असा निर्णय दिला होता. महिना संपायच्या आत वटहुकूम निघून तो निर्णय निष्फळ करण्यात आला. कंपन्यांच्या देणग्यांवर १९६९ साली आलेली बंदी १९८५ साली उठली. निनावी निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली आणि कोणी कोणाला किती दिले हे देशाने वाचले. यादी प्रसिद्ध झाली तेव्हा आपल्या अनेक शाखांनी सभा घेतल्या, ते योग्यच झाले. परंतु निवडणुकीतील उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा असली तरी पक्षाच्या एकूण खर्चाला आजही कायद्याने कोणतीही मर्यादा नाही, ही गोष्ट त्या सभांत क्वचितच बोलली गेली. येत्या निवडणुकीपूर्वी तालुक्यातालुक्यांत ही मागणी घेऊन जावे लागेल. आणि ज्या गावात पावसाळ्यात अजून रुग्ण डोलीतून न्यावा लागतो, त्या गावात ती रस्त्याच्या मागणीबरोबरच न्यावी लागेल.